प्रश्नांना मीटर लावू नका

सध्या कुठल्याही कंपनीत जा, आयटीवाल्यांच्या मीटिंगमध्ये एकच आरती चालू असते: चला, क्लाऊडवर चला! आमच्याकडेही ती सुरू होऊन बरेच दिवस झाले. ईमेल गेलं, वेबसाईट गेली, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण आता ॲनालिटिक्सचा सगळाच्या सगळा पसारा तिकडे हलवायचं ठरतंय, आणि त्याला माझा सरळ विरोध आहे. ऑफिसात तो नोंदवून झाला. "तुम्ही जरा जुन्या वळणाचे आहात" असं गोड उत्तर मिळालं. म्हणून इथे लिहितोय. इथे निदान मधेच कोणी "नेक्स्ट स्लाईड" म्हणत नाही. :)

आधी आमच्या मावश्या-काकांसाठी दोन शब्द (ते नेमाने वाचतात आणि मग फोन करून "ते काही कळलं नाही बुवा" म्हणतात). ॲनालिटिक्स म्हणजे काय, तर दिवसभरातली विक्री, परत आलेला माल, गोदामातला साठा, थकलेली बिलं हे सगळं रोज रात्री एका मोठ्या डेटाबेसमध्ये ओतायचं आणि मग त्याला प्रश्न विचारायचे. आजवर हा डेटाबेस आमच्याच इमारतीत, तळमजल्यावरच्या एका थंडगार खोलीत, आम्ही विकत घेतलेल्या सर्व्हरवर होता. क्लाऊड म्हणजे ढगबिग काही नाही. ॲमेझॉन, गूगल, मायक्रोसॉफ्ट यांच्या तशाच, फक्त अवाढव्य खोल्या. तिथली यंत्रं आपण भाड्याने वापरायची.

आमची खोली म्हणजे स्वर्ग होता असं मी अजिबात म्हणणार नाही. एसी बंद पडला की सगळ्यांची धावपळ. नवी डिस्क हवी तर तीन सह्या आणि तीन महिने. महिनाअखेरीला सगळे एकदम रिपोर्ट काढायला बसले की यंत्र असं धापा टाकायचं की लोक चहा पिऊन, गप्पा मारून परत यायचे तरी रिपोर्ट आलेला नसायचा. क्लाऊडने काही खरे प्रश्न सोडवले हेही मान्य. ॲमेझॉनने २०१२ च्या नोव्हेंबरात रेडशिफ्ट जाहीर केलं तेव्हा तीन वर्षांचा करार केला तर टेराबाइटमागे वर्षाला १००० डॉलरच्या आत असा भाव सांगितला होता. त्याआधी असलं डेटा वेअरहाऊस म्हणजे मोठ्या बँका आणि टेलिकॉमवाल्यांचीच मिरास होती. लहान कंपन्यांना दार उघडलं, ही काही लहान गोष्ट नाही. नेटफ्लिक्सचं उदाहरण तर प्रत्येक प्रेझेंटेशनमध्ये असतंच. २००८ च्या ऑगस्टमध्ये त्यांचा डेटाबेस बिघडला, तेव्हा त्यांनी ॲमेझॉनच्या क्लाऊडवर जायचं ठरवलं आणि २०१६ च्या जानेवारीत ते काम पुरं झालं. म्हणजे सात वर्षांहून जास्त! आमच्या प्लॅनमध्ये सहा महिने लिहिलेत. असो.

मुद्दा वेगळाच आहे. नेटफ्लिक्सकडे रात्री गर्दी उसळते, मधल्या काळात नवनवे देश जोडले गेले, आज शंभर यंत्रं पुरतात आणि उद्या हजार लागतात. अशा ठिकाणी भाडंच बरं. लग्नाचा मांडव कोणी विकत घेत नाही. पण म्हणून घरातलं पोळपाट-लाटणंही कोणी रोज भाड्याने आणत नाही ना? आमचं काम पोळपाटाचं आहे. रोज रात्री तोच भरणा, रोज सकाळी तेच रिपोर्ट, महिन्याच्या शेवटी थोडी गर्दी. वर्षभर आधी अंदाज बांधता येईल इतकं सरळ.

आता भाडं कसं मोजतात ते पाहा, कारण सगळी गोम तिथे आहे. गूगलच्या बिगक्वेरीत सरळ पद्धत अशी, की प्रश्नाचं उत्तर देताना जेवढा डेटा वाचला गेला तेवढे पैसे. अमेरिकेतला दर टेराबाइटमागे आधी ५ डॉलर होता, जुलै २०२३ मध्ये ६.२५ झाला. नवशिका माणूस काय करतो? टेबलात काय आहे ते बघू म्हणून 'सिलेक्ट स्टार' लिहितो आणि शेवटी 'लिमिट १०' टाकतो. त्याला वाटतं दहाच ओळी मागवल्या. साध्या टेबलावर यंत्र मात्र सगळे कॉलम वाचून काढतं, दहा ओळी हातावर ठेवतं आणि बिल सगळ्याचं लावतं. दोन टेराबाइटचं टेबल असेल तर एका डोकावण्याचे साडेबारा डॉलर, म्हणजे हजार रुपयांच्या वर. तोच प्रश्न एखाद्या डॅशबोर्डने दर तासाला विचारला तर महिन्याला ७२० वेळा, ९००० डॉलर. आणि तो डॅशबोर्ड रात्री तीन वाजता कोण बघतं? कोणी नाही. स्नोफ्लेकचा हिशोब वेगळा, तिथे यंत्र चालू असेल तितक्या सेकंदांचे पैसे, पण प्रत्येक वेळी सुरू झालं की कमीत कमी एका मिनिटाचे. रिक्षात बसल्या बसल्या मीटर पडावा तसं.

जाणकार मंडळी लगेच म्हणतील, टेबलाचे भाग पाडा, लागतील तेवढेच कॉलम मागा, मर्यादा घाला. नाहीतर महिन्याची ठरावीक क्षमताच घेऊन टाका. बरोबर आहे. पण ठरावीक क्षमता ठरावीक पैशात घ्यायची म्हणजे काय झालं? आपलाच सर्व्हर, फक्त दुसऱ्याच्या खोलीत, आणि कायमचा भाड्याने!

आणि शिस्तीचं म्हणाल तर ती कोणाला लागते हे बघा. आमच्या टीममध्ये एक मुलगी आहे. कोणी सांगितलेलं नसताना टेबलं चाळत बसायची तिला खोड. मागच्या पावसाळ्यात तिनेच दाखवलं, की कोकणातून परत येणारा माल सगळीकडून येत नाही, एकाच प्रकारच्या खोक्यातला येतो. खोकी ओल धरत होती. हा प्रश्न तिला कोणी विचारला नव्हता. तिथे पोचायला तिला तीसेक फुकट गेलेल्या क्वेऱ्या लागल्या असतील. आमचं यंत्र रात्री तसंही रिकामं असायचं, त्याला काय? आता क्लाऊडवरची चाचणी सुरू झाली, पहिलं बिल आलं आणि दुसऱ्याच दिवशी फतवा निघाला: मोठी क्वेरी चालवण्यापूर्वी मॅनेजरची परवानगी घ्यावी, फॉर्ममध्ये हेतू लिहावा. तिने हेतू म्हणून काय लिहायचं? "सहज"? आणि साहेबांचा दर तासाला ताजा होणारा डॅशबोर्ड मात्र कुठल्याही फॉर्मशिवाय चालू आहे.

माझं भांडण हे आहे. पैसे गेले तर कंपनीचे गेले, ती बघून घेईल. पण ज्या खात्याचं कामच प्रश्न विचारणं आहे, तिथे प्रत्येक प्रश्नावर किंमत लावली की पहिला बळी जातो तो नवख्याच्या प्रश्नाचा.

स्वस्ताईच्या गप्पांवर फार लिहीत नाही. ३७सिग्नल्स या अमेरिकेतल्या कंपनीने २०२२ सालचं आपलं क्लाऊडचं बिल ३२ लाख डॉलर असल्याचं जाहीर केलं आणि पुढच्या वर्षी सुमारे ७ लाखांचे सर्व्हर विकत घेऊन आपली ॲप्स परत आणायला सुरुवात केली. त्यांच्याकडे मुरलेली माणसं होती आणि काम ॲनालिटिक्सचं नव्हतं, हे खरं. पण भार स्थिर असेल तर भाडं महाग पडतं, हा हिशोब दोन्हीकडे सारखाच. आमच्याकडे खरं कारण वेगळं आहे आणि ते कुठल्याच स्लाईडवर नाही. यंत्र विकत घ्यायचं तर भांडवली खर्च, त्याला वरची मंजुरी. भाडं महिन्याच्या खर्चात गुपचूप बसतं.

"मग काही काळजीच नाही" हेही खरं नव्हे. मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या पेन्शन फंडाचा गूगल क्लाऊडवरचा एक प्रायव्हेट क्लाऊड गूगलच्याच एका चुकीमुळे पुसला गेला. ६ लाखांहून जास्त सभासद खोळंबले. निभावलं ते बॅकअप ठेवले होते म्हणून. काळजी घेणारा माणूस लागतोच. आमच्याकडे तो आहे, बावीस वर्षं त्या थंड खोलीत काढलेला, आणि या प्लॅनमध्ये त्याच्या नावापुढे फक्त एक डॅश आहे.

बाहेर पडायचं म्हटलं तर? २०२४ मध्ये गूगल आणि ॲमेझॉनने सोडून जाणाऱ्यांसाठी डेटा बाहेर नेण्याचं शुल्क माफ केलं. छान केलं. पण तिथल्या बोलीत लिहिलेल्या शेकडो क्वेऱ्या आणि रात्रीची कामं पुन्हा लिहायची मजुरी कोण माफ करणार?

माझं मागणं फार नाही. रोजचा भरणा आणि ठरलेले रिपोर्ट आपल्याच यंत्रांवर राहू द्या, त्यात दोन नवी घाला. महिनाअखेरीच्या गर्दीपुरता क्लाऊड जरूर घ्या. आणि सगळंच न्यायचा हट्ट असेल तर हलवण्याआधी तीन महिने मोजा, कुठला रिपोर्ट कोण उघडतं ते. जे कोणीच उघडत नाही ते इथेच पुरा. पहिली कात्री डॅशबोर्डांना लावा. त्यातून वाचेल तेवढा डेटा महिन्याला त्या मुलीच्या नावावर ठेवा, हेतूचा रकाना न भरता.