आडनाव विचारणारा डिटेक्टिव्ह

सुट्टीवर गेलेल्या साहेबाचा खून झाला की त्याची कादंबरी होते. टाकीत उतरलेला माणूस मेला की पंचनामा होतो, तोही सही-अंगठ्यापुरता.

मित्रांनो, मागच्या रविवारी बैठकीत माझ्या पिशवीतनं एक रहस्यकादंबरी खाली पडली न् दोन तास तिच्यावरच गेले. एक म्हणाला, असलं फालतू वाचतोस, तेवढ्यात बाबासाहेबांचा एक खंड झाला असता. दुसरा म्हणाला, जाऊ दे रे, करमणूक आहे, करमणुकीला कुठली आली जात? मला तिथं बोलता आलं नाही. मला उशिरा सुचतं. म्हणून हे लिहितोय.

आधी पहिल्याला. माझी शाळा आठवीत सुटली. सूतगिरणीत त्रासन खात्याला लागलो, तुटलेलं सूत सांधायला. वाचायची चटक लागली ती रद्दीतल्या बाबुराव अर्नाळकरांमुळं. झुंजार, काळापहाड, धनंजय-छोटू. त्या माणसानं हजारावर रहस्यकथा लिहिल्या. मग सुहास शिरवळकरांचा मंदार पटवर्धन, गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप. डब्याच्या सुट्टीत कापसाच्या गठ्ठ्याला टेकून वाचायचो. मराठीतल्या शहाण्या समीक्षकांनी या लेखकांनाही वेशीबाहेरच ठेवलं होतं. मी त्यांचं ऋण मानतो. खोटं कशाला बोलू?

आता करमणुकीला जात नसते म्हणणाऱ्याला.

सुट्टीच्या ठिकाणी घडणाऱ्या रहस्यकादंबरीचा साचा बघ. डोंगरावरचं नाहीतर समुद्रकाठचं हॉटेल. पावसानं रस्ता तुटलेला, फोन बंद. आत दहाबारा पाहुणे आणि एक मढं. बाहेरून कुणी आलेलं नाही, म्हणजे खुनी आतलाच. वाचकानं संशय घ्यायचा तो या दहाबारा जणांवर. पण जरा मोज की. दहा पाहुण्यांचं हॉटेल चालवायला किती हात लागतात? चादरी कोण बदलतं, संडास कोण धुतं, पोहायच्या तलावातला पालापाचोळा कोण काढतं? तीही माणसं रात्री त्याच कुंपणाच्या आत असतात. पण मोजणीत नसतात. खुनी व्हायलासुद्धा आधी माणसात गणती व्हावी लागते.

या साच्यातली सगळ्यात नावाजलेली म्हणजे अगाथा ख्रिस्तीची १९३९ सालची कादंबरी. बेटावरच्या बंगल्यात दहा जण गोळा होतात न् एकेक करून मरतात. शब्दकोश उशाला घेऊन मी ती तीन महिने वाचली. तिच्या मूळ नावातच काळ्या माणसाला हिणवायची शिवी होती. अमेरिकेत ते नाव लगोलग बदललं. इंग्लंडात १९८० च्या दशकापर्यंत तसंच छापत राहिले. फ्रान्सनं तर २०२० साली बदललं. ऐंशी वर्षं शिवी कपाटात सुखानं नांदली, न् वाचणारा म्हणत राहिला, करमणूक आहे!

आत काय आहे ते सांगतो. रॉजर्स नावाचा नोकर. रात्रीत त्याची बायको मरते. सकाळी तो पाहुण्यांना न्याहारी वाढतो. बायकोचं मढं वर, न् हा खाली बशा मांडतोय. त्या पानावर मी पुस्तक मिटलं. रडायलाही सुट्टी लागते, आणि तिथं सुट्टी पाहुण्यांची होती. दुसरा आहे लोम्बार्ड. आफ्रिकेत २१ देशी माणसांना रानात सोडून, सगळं अन्न घेऊन निसटलेला. वर म्हणतो काय, तर त्यांना मरणाचं आपल्यासारखं वाटत नाही. आणि खुनी कोण? रहस्य फोडतोय, माफी असावी. खुनी निघतो निवृत्त न्यायाधीश. कायद्याच्या हाती न लागलेल्यांना स्वतःच शिक्षा देत सुटलेला. म्हणजे सभ्य माणसं खून करून आरामात जगतात, हे बाईनं कबूल केलंय. तेवढ्यापुरती दाद देतो. पण त्या २१ जणांचा हिशेब मागायलाही तिला जज्जसाहेबच लागला. मेलेल्यांच्या घरचं कुणी बेटावर आलं नाही.

याच गोष्टीवरून आपल्याकडं १९६५ साली ‘गुमनाम’ आला. त्यात नोकर मेहमूद. त्याचं काळं असणं हाच विनोद. पडद्यासमोर आपलेही बापजादे हसले असणार. मीही मोबाईलवर बघताना हसलो होतो, मग आत्याची आठवण आली.

आमची आत्या. वाघोलीच्या खाणीवर खडी फोडून तिचे हात गेले, मग एका रिसॉर्टवर खोल्या झाडायला, चादरी बदलायला लागली. एकदा एका पाहुणीची सोन्याची चेन गेली. पाहुण्यांपैकी एकाचीही झडती नाही. मी पाळीला शेकड्यानं धागे सांधतो, पण या तपासाला धागादोरा लागलाच नाही. साहेब आला, आत्याला तीन प्रश्न विचारले. नाव काय? गाव कुठलं? आडनाव? तिसऱ्या उत्तराला त्याची नजर बदलली. आत्याला संध्याकाळपर्यंत चौकीवर बसवली. चेन निघाली पाहुणीच्याच ओल्या टॉवेलात. आत्याचा त्या दिवसाचा खाडा मात्र धरला.

ही नजर त्या एका साहेबाची नव्हे. इंग्रजांनी १८७१ साली तिचा कायदा केला, गुन्हेगार जमातींचा. पोर जन्मायच्या आधीच आरोपी. सोलापुरात तारेच्या कुंपणात सेटलमेंट होती. तिथली माणसं हजेरी देऊन गिरण्यांत कामाला जायची. म्हणजे आमच्याच खात्यातली माणसं ती! १९५२ साली कायदा गेला. नजर अजून नोकरीवर आहे.

आणि आमच्या खुनांत सस्पेन्स कुठला असतो? वाघोलीवरनं नगर रोडनं सरळ जा. जानेवारी २०१३, सोनई. सेप्टिक टँक साफ करायचंय म्हणून बोलावून तीन मेहतर तरुणांना मारलं. कारण एकाचं प्रेम. एप्रिल २०१४, खर्डा. मुलीशी बोलतो या संशयावरून शाळकरी पोराला मारून झाडाला टांगलं. २०१७ साली कोर्टात साक्षीदार फितूर झाले, आरोपी निर्दोष सुटले. पोरगं मेलं, पण मारलं कुणीच नाही. ख्रिस्तीबाईलाही हे सुचलं नसतं. आमच्या गोष्टीत शेवटच्या पानापर्यंत शोधायचा असतो तो खुनी नव्हे, साक्षीदार.

आमची वाघोली २०२१ साली महापालिकेत गेली. खाणींच्या शेजारी टॉवर उभे राहिले. बिल्डर आता घर विकत नाहीत, रिसॉर्ट विकतात. तलाव, हिरवळ, गेटवर शिपाई. ऑक्टोबर २०२२ मध्ये इथल्याच एका सोसायटीच्या टाकीत कामगार उतरले न् मेलेलेच वर आले. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणूस असा उतरवायला २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे. मढं आहे, जागा आहे, उतरवणारा आहे. फक्त खून हा शब्द कुणी उच्चारत नाही, म्हणून डिटेक्टिव्ह येत नाही.

तेव्हा पहिल्या मित्रा, बाबासाहेबांचे खंड मी वाचतोच आहे, सावकाश. पण हा साचाही मला त्यांच्या हाती ठेवायचा नाही. मी एक रहस्यकादंबरी लिहायला घेतलीय, दोनशे पानी वहीत. रिसॉर्ट आहे, पाऊस आहे, घाटात दरड कोसळलीय. सात नंबरच्या खोलीत साहेब मरून पडलाय. त्याला पहिल्यांदा बघते ती आत्या, हातात बादली घेऊन. चादरी रोज तीच बदलते. कोण कुणाच्या खोलीत झोपलं, कुणी मध्यरात्री चिखलाचे पाय धुतले, तिला सगळं ठाऊक. खुनी तिला पहिल्याच प्रकरणात कळलाय. आता तपासाला आलेला साहेब जिना चढतोय, आणि तो पहिल्यांदा काय विचारणार तेही तिला माहीत आहे. त्याला सांगावं की नाही, हे तिचं अजून ठरत नाही. तिथंच मी अडलोय. बुधवारी रात्रपाळी सुटली की तिलाच जाऊन विचारणार आहे.