दादीची मिरज आणि आमची लाल शाई

'मेरा शहर' हा प्रकल्प आम्ही उर्दू शाळांतले शिक्षक दरवर्षी देतो. मुले गाइडमधले दोन परिच्छेद उतरवतात, आम्ही सही करतो. बी.एड.ला आम्ही परिसर अभ्यासावर पानेच्या पाने लिहिली होती. घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा, असे मात्र वर्गात कधी सांगितले नाही.

एका मुलीने आपणहून दादीला विचारले. दादीच्या लेखी मिरज स्टेशन म्हणजे पंढरपूरची छोटी गाडी. टाळ ऐकू आले की आषाढी आली, हे तिचे कॅलेंडर. १८९४ साली डॉ. वानलेस यांनी सुरू केलेले इस्पितळ तिच्यासाठी नुसते 'मिशन', कारण तिची सगळी मुले तिथली. मीरासाहेबांचा दर्गा म्हणजे उरुसात जमिनीवर बसून ऐकलेले गाणे. १९३७ साली वारलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर याच आवारात आहे. आणि सतारमेकर गल्ली म्हणजे माहेर. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांनी फरीदसाहेबांच्या काळापासून हाती भोपळा घेतला. तो भोपळाही पंढरपूरकडचाच!

आम्ही काय केले? छोट्या गाडीखाली लाल रेघ मारून 'गैरमुतअल्लिक' असे लिहिले. दादीची दखनी दुरुस्त करून तिची शुद्ध उर्दू केली. लाल किल्ला आणि ताजमहाल आम्ही डोळ्यांत पाणी आणून शिकवतो. दोन गल्ल्या पलीकडे तंबोऱ्याला जवारी लावणारा माणूस आमच्या तासाला कधी आला नाही. २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा आम्ही पेढे वाटले, एवढेच.

मिरज म्हटले की बाहेरच्यांना २००९ ची दंगल आठवते, याचा आम्हाला राग येतो. यावा. पण तिच्यासमोर ठेवायला आम्ही काय लिहून ठेवले आहे? वारकऱ्यांच्या टाळांवर महिने मोजणारी मुसलमान बाई या शहरात राहते, हे आम्हीच खोडले.

म्हातारी माणसे सालांची गल्लत करतात, तिखटमीठ लावतात, असे स्टाफरूममध्ये म्हणतात. लावतातच. मग ताडून पाहा. पगार कशाचा घेतो आपण?

आम्ही त्या मुलीकडे वही परत मागितली. तिने ते पान फाडून टाकले होते. गाइडमधला मजकूर सुवाच्य अक्षरात उतरवला होता. दादी अजून आहे, ऐकू कमी येते. येत्या सुट्टीत आम्ही तिच्याकडे जाणार आहोत, लाल पेन घरी ठेवून. तुमच्या मोहल्ल्यात कोण उरले आहे?