पोट उघडावे लागले, यात लाज कसली?

फराळाच्या ताटावर पोटाच्या दुखण्याच्या गोष्टी काढू नयेत, असा शिष्टाचार आहे. पण तळणीच्या याच दिवसांत पित्ताशयातले खडे आपले अस्तित्व जाणवून देतात. तेव्हा वाचकांनी क्षमा करावी.

बुलढाण्याजवळच्या आमच्या देऊळघाटात एक नवी प्रतिष्ठा रुजली आहे. “दुर्बिणीने काढले! चार भोके, दुसऱ्या दिवशी घरी!” असे सांगणाऱ्याची मान ताठ. ज्याच्या पोटावर टाक्यांची लांब रेघ, त्याच्या डॉक्टरला मात्र अडाणी ठरवून मंडळी मोकळी! ही प्रतिष्ठा खोटी आहे आणि घातकही आहे.

दुर्बिणीशी माझे वैर नाही. १९८५ मध्ये जर्मनीत एरिक म्यूहे यांनी या रीतीने पित्ताशय काढले. १९९० मध्ये डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ही शस्त्रक्रिया भारतात प्रथम केली. जखम लहान, वेदना कमी, रोजंदारीचा माणूस लवकर कामावर. हे उपकार कोण नाकारील?

पण पित्ताशयाची आखूड नळी जिथे मुख्य पित्तनलिकेला मिळते, तिथे खरी मेख आहे. जुन्या सुजेने सारे एकमेकांना चिकटले, की मुख्य नलिकाच ती आखूड नळी भासते आणि तीच कापली जाते. उघड्या शस्त्रक्रियेत हा अपघात हजारांत एकदोघांना होई. दुर्बिणीच्या आरंभकाळात तो हजारांत चारपाचांवर गेला. म्हणून १९९५ मध्ये स्ट्रासबर्ग या अमेरिकी शल्यविशारदाने दंडक सांगितला: पित्ताशयात शिरणाऱ्या दोनच गोष्टी, नळी आणि रक्तवाहिनी, स्वच्छ दिसल्यावाचून काही कापू नये. दिसत नसेल तर थांबावे, जाणत्याला बोलवावे, प्रसंगी पोट उघडावे. असा थांबणारा डॉक्टर शहाणा. आपण त्यालाच हरलेला म्हणू लागलो, तर उद्या तो थांबेल कशाला?

“अपघात कोणाच्याही हातून होतो,” असे कोणी म्हणेल. मान्य! १९५३ मध्ये ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री अँथनी ईडन यांची पित्तनलिका खुद्द लंडनमध्ये दुखावली, आणि तीही उघड्या शस्त्रक्रियेत. दुरुस्तीसाठी त्यांना बॉस्टन गाठावे लागले. पुढे पंतप्रधान झाल्यावर, १९५६ च्या सुएझ प्रकरणातही, त्या दुखण्याच्या तापाने त्यांना सोडले नाही. ईडनसाहेबांना बॉस्टन होते. आमच्या शेतमजुराला काय आहे? वेळेवर कळलेले सत्य, एवढाच त्याचा आधार!

इजा तत्काळ ओळखून अनुभवी हातांत सोपवली, तर बहुतेक रोगी सावरतात. “गॅस झाला, होईल बरे” म्हणून आठवडा घालवला, तर पोटात पित्त साचून जीवावर बेतते. चुकणे हा माणसाचा धर्म म्हणू. पण लपवणे हा अधर्मच.

तेव्हा शस्त्रक्रियेआधी दोन प्रश्न निर्भयपणे विचारा: “गरज पडल्यास पोट उघडाल ना?” आणि “नलिकेला इजा झाली, तर कुठे पाठवाल?” घरी आल्यावर दुखणे वाढले, ताप आला, पोट फुगले, डोळे पिवळे झाले, तर दिवाळी असो की लग्न, त्याच दिवशी परत जा. कागद मागा, मागितल्यापासून ७२ तासांत ते देण्याचा नियम २००२ पासून आहे.

आणि ज्याने पोट उघडून नलिका वाचवली, त्या डॉक्टरच्या घरी यंदा फराळाचा डबा पाठवा.