पहिलं वर्ष कुणाचं?

करीम अब्दुल-जब्बार हे नाव आपल्यापैकी बहुतेकांना कुठून ना कुठून माहीत असतं. कुणाला ब्रूस लीच्या सिनेमात त्याच्याशी भिडणारा अवाढव्य उंच माणूस म्हणून, कुणाला एनबीएमध्ये ३८,३८७ गुण करणारा खेळाडू म्हणून. लेब्रॉन जेम्सने २०२३ साली मोडेपर्यंत सर्वाधिक गुणांचा विक्रम जवळजवळ ३९ वर्षं त्याच्या नावावर होता. आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मात्र करीम एकाच ओळीत येतो: इतका मोठा खेळाडू, आणि त्याने इस्लाम स्वीकारला. खाली पाच-पंचवीस ‘माशाअल्लाह’, आणि लगेच पुढचा मेसेज.

मला या माणसाच्या आयुष्यातलं एक वेगळंच वर्ष महत्त्वाचं वाटतं. १९६५-६६. तेव्हा तो करीम नव्हता आणि मुस्लिमही नव्हता. ल्यू अल्सिंडर नावाचा न्यूयॉर्कचा अठरा वर्षांचा कॅथलिक मुलगा होता, उंची सात फुटांच्या वर, आणि लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात पहिल्या वर्षाला नुकताच दाखल झाला होता. खेळायची जागा सेंटरची. बास्केटबॉलमध्ये सेंटर म्हणजे रिंगच्या सगळ्यात जवळ उभा राहणारा, बहुधा संघातला सर्वांत उंच खेळाडू. चांगला सेंटर मिळाला की अर्धी लढाई जिंकल्यासारखं असतं, म्हणून अमेरिकेतली कॉलेजं अशा मुलांवर शाळेपासूनच डोळा ठेवून असतात.

अल्सिंडरच्या शाळेने सलग ७१ सामने जिंकले होते. देशभरातली विद्यापीठं त्याच्या मागे लागली होती. यूसीएलएच्या बाजूने त्याला पत्रं लिहिणाऱ्यांत बेसबॉलपटू जॅकी रॉबिन्सन होते आणि नोबेल शांतता पुरस्कार मिळवलेले राल्फ बंच होते. दोघेही त्याच विद्यापीठाचे माजी विद्यार्थी. एवढा गाजावाजा होऊन मुलगा आला, आणि आल्यावर त्याला मुख्य संघात खेळायची परवानगीच नव्हती!

तेव्हाचा नियमच तसा होता. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने मुख्य संघातून खेळायचं नाही. पहिल्या वर्षाच्या मुलांचा वेगळा संघ असायचा, त्यांचे सामने वेगळे, स्पर्धा वेगळ्या. राष्ट्रीय अजिंक्यपद वगैरे पुढच्या वर्षापासून. आधी वर्गात बस, अभ्यासाची सवय होऊ दे, मग मैदान, असा त्यामागचा विचार.

२७ नोव्हेंबर १९६५ रोजी यूसीएलएच्या नव्या कोऱ्या पॉली पॅव्हिलियनमध्ये पहिला सामना झाला. एका बाजूला मुख्य संघ, १९६४ आणि १९६५ अशी लागोपाठ दोन वर्षं राष्ट्रीय विजेता. दुसऱ्या बाजूला त्याच विद्यापीठाची पहिल्या वर्षाची पोरं. पोरांनी ७५-६० असा सामना जिंकला. एकट्या अल्सिंडरने ३१ गुण केले. यूसीएलए देशात पहिल्या क्रमांकावर आहे पण स्वतःच्या आवारात दुसऱ्या, हा विनोद त्यानंतर बरीच वर्षं चालला. त्या हंगामात पहिल्या वर्षाचा संघ एकही सामना हरला नाही. मुख्य संघ १८ जिंकला, ८ हरला, आणि राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत पोहोचलाच नाही.

म्हणजे विचार करा. देशातला कदाचित सर्वांत चांगला सेंटर त्याच इमारतीत सराव करतोय, मुख्य संघ हरतोय, आणि त्याला मैदानात उतरवता येत नाही. प्रशिक्षक जॉन वुडन यांच्या हातात थांबण्याशिवाय काही नव्हतं. त्या काळात त्यांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. पहिल्या वर्षाच्या सामन्यांत या मुलाला कुणी तोडीचं भेटणार नाही, हे उघड होतं. म्हणून जे कार्टी नावाच्या एका उंच, धिप्पाड माजी खेळाडूला आणून त्याच्याशी सरावात धक्काबुक्कीने खेळायला लावलं. टाळ्या नाहीत, गुणफलक नाही. फक्त शिकणं.

आणि सरावाबाहेरच्या वेळात हा मुलगा वाचत होता.

काय वाचत होता हे समजायला आधीचं एक वर्ष बघावं लागतं. १९६४ च्या उन्हाळ्यात तो हार्लेममध्ये तरुणांसाठीच्या एका उपक्रमात होता. तिथे ही मुलं छोटं वार्तापत्र चालवत, त्यासाठी माहिती गोळा करत, हार्लेमचा इतिहास शोधत. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या पत्रकार परिषदेला तो याच कामासाठी गेला होता. त्याच जुलैमध्ये एका पोलीस अधिकाऱ्याने पंधरा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाला गोळी घालून मारलं आणि हार्लेम पेटलं. अल्सिंडर भुयारी रेल्वेच्या स्टेशनातून वर आला तो थेट दंगलीत. गोळ्या चालत असताना सात फुटांच्या माणसाला लपायला जागा नसते. शाळेतही फार वेगळं नव्हतं. एका सामन्याच्या मध्यंतरात प्रशिक्षकाने खेळ सुधारावा म्हणून त्याला कृष्णवर्णीयांना हिणवायचा तो शब्द वापरून झापलं होतं. ज्या शाळेचं नाव हा मुलगा वर्तमानपत्रांत नेत होता, त्या शाळेत.

असा मुलगा कॅलिफोर्नियात पोहोचला. १९६५ च्या फेब्रुवारीत माल्कम एक्स यांची हत्या झाली होती आणि वर्षअखेरीस त्यांचं आत्मचरित्र प्रसिद्ध झालं. अल्सिंडरने ते पहिल्या वर्षात असतानाच वाचलं. चोरी, तुरुंग, ‘नेशन ऑफ इस्लाम’, मग तिथूनही बाहेर पडणं, १९६४ चा हज आणि त्यानंतर बदललेली दृष्टी, हा सगळा प्रवास त्याने तेव्हा पहिल्यांदा सलग वाचला. एखादा माणूस आपलंच म्हणणं तपासून, चुकीचं ठरवून पुढे जाऊ शकतो, हे त्याला भिडलं. त्यानंतर त्याने कुरआन वाचायला घेतलं. अभ्यासाचा विषय त्याने पुढे इंग्रजीवरून इतिहासाकडे वळवला आणि १९६९ मध्ये इतिहासाचीच पदवी घेतली. अल्सिंडर हे आडनाव त्रिनिदादमधल्या त्या फ्रेंच मालकाचं आहे, ज्याने आपल्या पूर्वजांना गुलाम म्हणून ठेवलं होतं, हेही त्याने शोधून काढलं. १९६८ मध्ये त्याने इस्लाम स्वीकारला, आणि १९७१ पासून जग त्याला करीम म्हणू लागलं.

त्या नियमाने त्याच्यावर उपकार केले, असं मला म्हणायचं नाही. त्या वर्षी तो एकटा होता, परक्या शहरात होता. शिवाय विद्यापीठ त्याच्या जिवावर पुढची तीन वर्षं स्टेडियम भरणार होतं आणि त्याला शिष्यवृत्तीपलीकडे काही मिळणार नव्हतं. पण त्या नियमामुळे एक गोष्ट घडली जी कुणी ठरवून केली नव्हती. काही महिने या मुलाचा कुणालाही पूर्ण उपयोग करून घेता आला नाही. मुख्य संघाला नाही, वर्तमानपत्रांना नाही, चळवळीलाही नाही. त्या मोकळ्या जागेत त्याने स्वतःला काय वाटतं ते शोधायला सुरुवात केली.

पुढे जे झालं ते या महिन्यांशिवाय मला नीट कळत नाही. ३ डिसेंबर १९६६ रोजी मुख्य संघाकडून पहिल्याच सामन्यात ५६ गुण. मग १९६७, १९६८, १९६९ अशी तीन राष्ट्रीय अजिंक्यपदं. पण त्याचबरोबर जून १९६७ मध्ये, वीस वर्षांचा असताना, क्लीव्हलँडमध्ये मुहम्मद अली यांच्या पाठीशी उभं राहणं. व्हिएतनाम युद्धात जायला नकार दिला म्हणून अली यांचा किताब काढून घेतला होता. त्यांच्या शेजारी बसलेल्या नामवंत खेळाडूंत अल्सिंडर हा कॉलेजात शिकणारा एकमेव होता. १९६८ च्या ऑलिंपिकसाठीच्या निवड चाचणीला तो गेला नाही. तो उन्हाळा न्यूयॉर्कच्या मुलांसोबत काम करण्यात घालवला. त्याबद्दल त्याला देशद्रोही म्हणणारे कमी नव्हते.

आता यातला तो भाग, जो आपल्या फॉरवर्डमध्ये कधीच नसतो. इस्लाम स्वीकारल्यानंतर तो एका गुरूच्या इतका आहारी गेला की मन दुसरीकडे असताना त्यांच्या सांगण्यावरून लग्न केलं. हे त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. प्रशिक्षकापासून सुटलेला मुलगा दुसऱ्या एका अधिकारी माणसाच्या हाती गेला होता. १९७३ मध्ये तो लिबिया आणि सौदी अरेबियात गेला, कुरआन दुसऱ्याच्या तोंडून न ऐकता स्वतः वाचता यावं एवढं अरबी शिकायला. मला हे त्याच्या कुठल्याही विक्रमापेक्षा मोठं वाटतं. पंचवीस-सव्विसाव्या वर्षी, व्यावसायिक बास्केटबॉलमधला अव्वल खेळाडू असताना, तो पुन्हा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी झाला.

अमेरिकेत तो नियम १९७२ मध्ये गेला. वेगळा संघ पोसायचा खर्च वाचला. आता पहिल्या वर्षाचा सेंटर पहिल्या दिवसापासून मुख्य संघात असतो. २००६ पासून एनबीएमध्ये शिरायला वय किमान १९ आणि शाळा संपून एक वर्ष झालेलं लागतं, म्हणून मोठी मुलं कॉलेजला एक वर्ष येतात आणि जातात. अँथनी डेव्हिस हा केंटकीचा पहिल्या वर्षाचा मोठा खेळाडू. २०१२ मध्ये राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकलं आणि काही आठवड्यांत कॉलेज सोडलं. २०२१ पासून कॉलेजच्या खेळाडूंना आपल्या नावावर जाहिरातींतून पैसे कमावता येतात. ते योग्यच झालं. ज्याच्या घामावर स्टेडियम भरतं त्याला वाटा मिळालाच पाहिजे. पैसा आला याचं मला वाईट वाटत नाही. गेली ती सवड.

आणि सवडीबद्दल बोलायचं तर आपल्याकडे ती आधीपासूनच कमी आहे. बास्केटबॉल आपल्याला परका खेळ नाही. मुंबईच्या नागपाड्याने देशाला किती खेळाडू दिले ते तिथल्या कुठल्याही चाचाला विचारा. भारताचे कर्णधार आणि १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळालेले अब्बास मुंतासिर याच भागातले. पण माझ्या मनात फक्त खेळाडू नाहीत. मुंब्रा, मालेगाव, मिरज, परभणी, कुठल्याही मोहल्ल्यातून एखादी मुलगी मेडिकलला लागते, एखादा मुलगा सीओईपीला किंवा मुंबईच्या एखाद्या लॉ कॉलेजला जातो, कुणाची राज्याच्या संघात निवड होते. महिन्याभरात चौकात बॅनर लागतो. शाल, श्रीफळ, ट्रॉफी, स्टेजवर पंधरा माणसं आणि त्यांची पंधरा भाषणं. मुलाच्या हातात माइक येतो तेव्हा तो म्हणतो, ‘कौम का नाम रोशन करूंगा’. दुसरं काय म्हणणार बिचारा.

मग तो हॉस्टेलला जातो. पहिल्या सहामाहीत एखादा विषय राहतो. इंग्रजीतलं लेक्चर डोक्यावरून जातं. खोलीतल्या मित्रांना आपलं नाव सांगताना क्षणभर अंदाज घ्यावा लागतो. आणि हे घरी सांगता येत नाही, कारण चौकातला बॅनर अजून उतरलेला नसतो. अब्बू फोनवर विचारतात, कसं चाललंय? मस्त, असं उत्तर जातं. दुसरीकडे प्रत्येकाला तो हवा असतो. जमातीला रविवारच्या कार्यक्रमाला, पक्षाच्या स्थानिक नेत्याला फोटोसाठी, संघटनेला पोस्टरवर. हो, आपल्यासारख्या चळवळींनाही. प्रगत मुसलमान तरुणाचा नमुना म्हणून त्याला मंचावर बसवायची घाई आपल्याला कुणापेक्षा कमी नसते. मुलींच्या बाबतीत तर भार दुप्पट. तिने शिकून दाखवायचं, आणि शिकूनही बिघडली नाही हेही दाखवायचं.

अठरा वर्षांच्या मुलाला एका समाजाचं उत्तर बनवू नये. त्याला अजून प्रश्नच नीट पडलेले नसतात. आपल्याला अल्सिंडरमध्ये करीम दिसतो कारण शेवट आपल्याला माहीत आहे. १९६५ मध्ये त्याला स्वतःलाही तो माहीत नव्हता. तेव्हाच कुणी त्याला मंचावर चढवून एक ठरलेलं वाक्य बोलायला लावलं असतं, तर त्याने ते बोललंही असतं कदाचित.

तुमच्यापैकी जे यंदा पहिल्या वर्षाला आहेत, त्यांना एवढंच सांगेन की सत्काराला, पॅनेलला, रीलला नाही म्हणता येतं. ग्रंथालयाचं कार्ड काढा. अभ्यासक्रमात नसलेलं एखादं जाड पुस्तक घ्या, आपल्या माणसांचं घ्या, विरोधातल्यांचंही घ्या. एखादा विषय राहिला तर अम्मीला खरं सांगा; ती चौकातल्या लोकांपेक्षा जास्त ऐकून घेईल.

आणि मोहल्ल्यातल्या ट्रस्टींना, क्लबवाल्यांना, आपल्या कार्यकर्त्यांना एक सूचना आहे. सत्कार पहिलं वर्ष पार पडल्यावर करा. यंदाच्या बॅनरचे पैसे वाचतील, त्यातून त्या मुलाची हॉस्टेलची खानावळ दोन-तीन महिने भागेल. दिवाळीच्या सुट्टीत तो घरी येईल तेव्हा आपल्याच गावातल्या, आधी त्याच कॉलेजातून गेलेल्या कुणाला तरी त्याच्याकडे पाठवा. जे कार्टीसारखं, धक्का देणारं पण त्याच्याच बाजूचं असं कुणी. फोटोग्राफर नको.