विश्लेषण : कर्करोगावर ‘सिझियम क्लोराइड’चा उतारा? हा क्षार हृदय का बंद पाडू शकतो?

कर्करोगाचे निदान झाले की अहवालापाठोपाठ सल्लेही येतात. मोबाइलवर फिरणाऱ्या अशाच सल्ल्यांत ‘शरीर अल्कधर्मी करा, कर्करोग मरतो’ हा दावा जुना आहे. त्याच्या आधारे परदेशात सिझियम क्लोराइड हा क्षार पूरक आहार म्हणून विकला गेला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने (एफडीए) २०१८ आणि २०२० मध्ये त्याच्या धोक्यांविषयी इशारे दिले. हे प्रकरण नेमके काय आहे?

सिझियम क्लोराइड म्हणजे काय?

सिझियम हा सोडियम, पोटॅशियमच्या कुळातील धातू. अणुभट्टीच्या संदर्भात ऐकू येणारे सिझियम किरणोत्सारी असते; पूरक म्हणून विकले जाणारे तसे नसते. मात्र किरणोत्सारी नाही म्हणजे निर्धोक, असा अर्थ होत नाही. मानवी शरीराला सिझियमची गरज असल्याचे कोणतेही प्रमाण नाही.

कर्करोगाशी संबंध कसा जोडला गेला?

अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ ए. कीथ ब्रुअर यांनी १९८४ मध्ये ‘हाय पीएच थेरपी’ची मांडणी केली. सिझियम कर्कपेशीत शिरून तिची आम्लता कमी करते आणि पेशी मरते, असे त्यांचे म्हणणे होते. गाठीभोवतीचा भाग आम्लधर्मी असतो, हे खरे. पण कर्कपेशी आम्ल बाहेर टाकतात म्हणून तो तसा होतो. रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यात ठेवण्याचे काम फुफ्फुसे आणि मूत्रपिंडे करतात. शिवाय सिझियम क्लोराइड हा मुळात उदासीन क्षार आहे. मिठाप्रमाणेच पाण्यात विरघळल्यावर ते पाणी अल्कधर्मी होत नाही. कर्करोगावरील उपचार म्हणून एफडीएने त्याला कधीही मान्यता दिलेली नाही.

हृदयाला धोका का?

हृदयाचा प्रत्येक ठोका विद्युत संदेशावर चालतो. ठोक्यानंतर स्नायुपेशीतून पोटॅशियम बाहेर पडते आणि पेशी पुढच्या ठोक्यासाठी सज्ज होते. सिझियमचे रूप पोटॅशियमशी मिळतेजुळते असल्याने ते या वाटेत अडकते आणि वाट बंद करते. त्याच वेळी रक्तातील पोटॅशियमही घटते. पेशी सज्ज होण्यास लागणारा वेळ लांबतो. ईसीजीवर ‘क्यूटी’ अंतर वाढलेले दिसते. पुढची पायरी म्हणजे हृदयाची धोकादायक अनियमित लय, भोवळ, झटके आणि प्रसंगी मृत्यू.

गोळ्या बंद केल्या की धोका लगेच टळतो, असेही नाही. सिझियम शरीरातून संथपणे बाहेर पडते आणि कित्येक आठवडे टिकून राहते.

कर्करुग्णांना धोका अधिक का?

सिस्प्लॅटिनसारख्या केमोथेरपीच्या औषधाने मॅग्नेशियम आणि पोटॅशियम घटते. उलट्या-जुलाबांनीही क्षार कमी होतात. उलटी थांबवण्यासाठी दिले जाणारे ऑन्डान्सेट्रॉन क्यूटी अंतर वाढवू शकते. म्हणजे हृदयावर आधीच ताण असताना सिझियमची भर पडते. रुग्णाने गोळ्यांविषयी सांगितलेच नसेल, तर बिघाडाचे मूळ शोधण्यात डॉक्टरांचा मोलाचा वेळ जातो.

मग शरीराला लागणारी खनिजे तरी सुरक्षित आहेत का?

तेही मात्रेवर आणि गरजेवर ठरते. सेलेनियम शरीराला आवश्यक आहे. प्रोस्टेटचा कर्करोग टळतो का, हे पाहण्यासाठी ३५ हजारांहून अधिक पुरुषांवर ‘सिलेक्ट’ ही चाचणी झाली. फायदा दिसत नसल्याने २००८ मध्ये गोळ्या थांबवण्यात आल्या. ज्यांच्या शरीरात सेलेनियम आधीच भरपूर होते, त्यांच्यात ते घेतल्याने आक्रमक प्रोस्टेट कर्करोगाचा धोका ९१ टक्क्यांनी वाढल्याचे २०१४ मधील विश्लेषणात आढळले. रक्ततपासणीत कमतरता दिसल्यास डॉक्टर लोह किंवा मॅग्नेशियम देतात. ती गोष्ट वेगळी.

भारतात कायदा काय सांगतो?

औषधे व चमत्कारिक उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, १९५४ नुसार कर्करोग बरा करण्याचा दावा करणारी जाहिरात करता येत नाही. पूरक आहाराच्या वेष्टनावर ‘औषधी वापरासाठी नाही’ असे छापणे २०१६ च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. मात्र फॉरवर्ड होणाऱ्या संदेशाला ना वेष्टन असते, ना परवाना क्रमांक.

रुग्ण आणि नातेवाइकांनी काय करावे?

घरात सुरू असलेली प्रत्येक गोळी, पावडर, काढा यांची यादी करून ती वेष्टनांसह उपचार करणाऱ्या डॉक्टरांना दाखवावी. डॉक्टर रागावतील म्हणून लपवू नये. सिझियम घेतले असेल आणि छातीत धडधड, भोवळ किंवा झटके आले, तर थेट रुग्णालय गाठावे आणि तिथे त्याचे नाव सांगावे.

सर्वांत मोठे नुकसान मात्र वेळेचे होते. येल विद्यापीठातील संशोधकांच्या २०१८ मधील अभ्यासात, बरा होण्याजोगा कर्करोग असूनही केवळ पर्यायी उपचार निवडणाऱ्या रुग्णांमध्ये मृत्यूचा धोका प्रचलित उपचार घेणाऱ्यांच्या अडीच पट आढळला. गाठ लहान असताना हातात असलेले ते आठवडे नंतर कोणत्याही गोळीने परत मिळत नाहीत.