परदेशी शिक्षण आणि परक्यांचे राजकारण

दूर देशीच्या युद्धाची झळ आपल्या अंगणात सोसण्याचा अनुभव वऱ्हाडाला नवा नाही. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि येथील कापसाला अभूतपूर्व भाव आला. 1865 मध्ये ते संपताच भाव कोसळले. आज अमरावती-अकोल्याच्या घरांतून मुलेही शिक्षणासाठी सातासमुद्रांपलीकडे जातात आणि त्यांचे भवितव्यही तितक्याच दूरच्या घटनांवर टांगलेले असते.

परदेशी शिक्षण राजकारणापासून अलिप्त कधीच नव्हते. पापळचे पंजाबराव देशमुख 1920 मध्ये विलायतेस गेले, तेव्हा उच्च विद्येची वाट साम्राज्याच्या राजधानीकडेच वळत असे. पुढे शीतयुद्धाच्या काळात सोव्हिएत संघाने मैत्रीचे साधन म्हणून आपली विद्यापीठे भारतीयांना शिष्यवृत्त्या देऊन खुली केली. 1991 मध्ये तो संघ लयास गेला. वाट कायम राहिली; परंतु शिष्यवृत्तीची जागा शुल्काने घेतली.

24 फेब्रुवारी 2022 रोजी रशियाने युक्रेनवर आक्रमण केले आणि या वाटेवरील धोका उघड झाला. ‘ऑपरेशन गंगा’ मोहिमेच्या काळात सुमारे 22,500 भारतीय मायदेशी परतले. त्यांत वैद्यकीय विद्यार्थ्यांची संख्या मोठी होती. अमरावती-अकोल्याचे विद्यार्थीही होते. जीव वाचला, शिक्षण मात्र अधांतरी राहिले. या विद्यार्थ्यांना देशातील महाविद्यालयांत सामावून घेण्याची तरतूद कायद्यात नाही, असे केंद्र सरकारने सप्टेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितले. तिसऱ्या देशात अभ्यासक्रम पूर्ण करण्याची मुभा मिळाली. त्याचा भार मात्र पालकांवरच पडला. चीनमध्ये शिकणारे विद्यार्थी तर 2020 पासून दोन वर्षांहून अधिक काळ तेथील सीमा उघडण्याची वाट पाहत घरी बसले होते. मे 2025 मध्ये अमेरिकेने विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखती काही आठवडे स्थगित केल्या. प्रत्येक वेळी निर्णय परक्या राजधानीत झाला आणि हप्ते येथील कुटुंबाने भरले.

देशातील स्पर्धेत मागे पडलेल्यांना मागील दाराने प्रवेश देणे अन्यायाचे ठरेल, हा सरकारचा युक्तिवाद गैर म्हणता येणार नाही. परंतु सरकारी जागा अपुऱ्या आणि खाजगी महाविद्यालयांचे शुल्क आवाक्याबाहेर, ही परिस्थिती त्या विद्यार्थ्यांनी निर्माण केलेली नाही. अकोल्यात 2002 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले. अमरावती, बुलढाणा आणि वाशीम यांना ते मिळण्यास 2024 साल उजाडले. तेथे प्रत्येकी शंभर जागा आहेत. त्यांना पुरेसे अध्यापक आणि सुसज्ज रुग्णालये मिळाली, तरच परदेशगमनाची सक्ती कमी होईल.

तरीही मुले परदेशी जातीलच, आणि जावीतही. म्हणूनच युद्ध वा सीमाबंदीमुळे शिक्षण खंडित झाल्यास ते कोठे व कसे पूर्ण करावयाचे, कर्जाच्या वसुलीला किती मुदत द्यावयाची, याचे नियम संकटापूर्वीच ठरले पाहिजेत. कापसाचा भाव पडला तर शेतकरी पुढील हंगामाची आशा धरतो. विद्यार्थ्याची गेलेली वर्षे परत येत नाहीत. विमाने पाठवून मुलांना सुखरूप परत आणणे हे सरकारचे पहिले कर्तव्य होते. त्यांचे शिक्षण पूर्ण होईल असे पाहणे, हे त्याच कर्तव्याचे उर्वरित अंग आहे.