धाकट्या दोस्त राष्ट्राचा हिशेब

मोठ्या राष्ट्रांच्या युद्धांत लहान राष्ट्रें कां पडतात, हा प्रश्न जुना आहे. परंतु त्याचें उत्तर प्रत्येक पिढीस नव्यानें शोधावें लागतें. कोणी म्हणतात, तीं तत्त्वासाठीं पडतात. कोणी म्हणतात, बलाढ्य मित्राची मर्जी संभाळण्यासाठीं पडतात. खरें पाहतां दोन्ही हेतु एकाच वेळीं मनांत वसत असतात, आणि त्यांपैकीं कोणता किती, याची झडती युद्ध संपल्यावर घेण्याची हिंमत फारच थोड्या राष्ट्रांस होते. डेन्मार्क या लहानशा देशानें अफगाणिस्तानच्या युद्धांत काय दिलें आणि त्याच्या मोबदल्यांत त्याच्या पदरीं काय पडलें, याचा हिशेब मांडून पाहणें म्हणूनच बोधप्रद आहे.

२००१ सालच्या ११ सप्टेंबर रोजीं अमेरिकेवर भयंकर हल्ला झाला. एका सभासदावरील हल्ला हा सर्वांवरील हल्ला मानावा, असें सांगणारें नाटो कराराचें पांचवें कलम त्या प्रसंगीं प्रथमच लागू करण्यांत आलें. डेन्मार्क हा १९४९ पासूनचा, म्हणजे त्या संघटनेच्या स्थापनेपासूनचा, सभासद. त्याच्या पार्लमेंटनें डिसेंबर २००१ मध्यें सैन्य पाठविण्यास संमति दिली आणि २००२ च्या आरंभींच डॅनिश सैनिक अफगाण भूमीवर उतरले. त्याच वर्षीं मार्च महिन्यांत काबूल येथें जुनीं क्षेपणास्त्रें निकामी करीत असतां स्फोट झाला व तीन डॅनिश आणि दोन जर्मन सैनिक प्राणांस मुकले. बळींच्या यादीचा तो आरंभ होता.

२००६ पासून डेन्मार्कनें ब्रिटिश सैन्याच्या जोडीनें हेल्मंद प्रांतांत पाऊल ठेवलें. सबंध युद्धांत परकी सैन्याची सर्वांत अधिक हानि याच प्रांतांत झाली. त्या वर्षींच्या उन्हाळ्यांत मुसा कला या गांवीं डॅनिश टेहळणी तुकडी वेढ्यांत सापडली व तिला निकरानें झुंजावें लागलें. पुढें गिरिश्क शहराच्या परिसराचा भार डॅनिश सैन्याकडे आला. त्यासाठीं लेपर्ड जातीचे रणगाडे तेथवर नेण्यांत आले. ऐन भरांत सुमारें ७५० डॅनिश सैनिक तेथें होते. युरोपांतील कित्येक मोठ्या राष्ट्रांनीं आपलें सैन्य तुलनेनें शांत प्रांतांत ठेवलें, आणि कोठें लढावें व कोठें लढूं नये याच्या अटीही घातल्या. डेन्मार्कनें तसें फारसें केलें नाहीं.

या युद्धांत एकंदर ४३ डॅनिश सैनिक मृत्यु पावले. हा आंकडा वाचतांना कोणास तो क्षुल्लक वाटेल. परंतु त्या काळीं डेन्मार्कची लोकसंख्या सुमारें ५५ लाख, म्हणजे एकट्या मुंबई शहराच्या निम्म्याहूनही कमी होती. अमेरिकेचे २,४०० हून अधिक सैनिक पडले, आणि तिची लोकसंख्या ३१ कोटींच्या आसपास होती. त्रैराशिक मांडलें असतां दर दहा लाखांमागें दोन्ही देशांचा आंकडा आठाच्या घरांत येतो. ज्याच्यावर हल्ला झाला त्यानें जितकें रक्त सांडलें, जवळजवळ तितकेंच, प्रमाणानें पाहतां, साहाय्यास गेलेल्या या धाकट्या मित्रानें सांडलें. डेन्मार्क केवळ निशाण मिरविण्यापुरता तेथें गेला होता, असें कोणासही म्हणतां येणार नाहीं.

शस्त्रांबरोबर द्रव्यही गेलें. संपन्न राष्ट्रांनीं आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाचा ०.७ टक्के भाग दरिद्री देशांच्या उन्नतीसाठीं द्यावा, अशी संयुक्त राष्ट्रसंघाची अपेक्षा आहे. बहुतेक धनाढ्य देश ती ऐकून न ऐकल्यासारखें करितात. डेन्मार्क मात्र १९७८ पासून ती पाळीत आला आहे. अफगाणिस्तानास दिलेल्या डॅनिश मदतींत शिक्षणास मानाचें स्थान होतें. पाठ्यक्रम, पाठ्यपुस्तकें, शाळा व शिक्षक यांवर तो पैसा खर्च झाला. परंतु येथेंच एक मेख होती. सैन्य आणि मदत यांनीं हातांत हात घालून चालावें, असें डॅनिश सरकारचें जाहीर धोरण होतें. कागदावर तें शहाणपणाचें दिसतें. पण ज्या शाळेच्या दारांत परकी शिपाई उभा असतो, ती शाळा गांवकऱ्यांच्या दृष्टीनें सरस्वतीचें मंदिर न राहतां एका पक्षाचें ठाणें बनते. स्त्रीशिक्षणाचें रोपटें लोकांच्या मनांत रुजावें लागतें, आणि लोकांनींच त्यास पाणी घालावें लागतें. सावित्रीबाई फुल्यांच्या महाराष्ट्रास हें निराळें सांगण्याचें कारण नाहीं.

शेवट सर्वांस ठाऊक आहे. डेन्मार्कचें लढाऊ सैन्य २०१४ पर्यंत परतलें; १५ ऑगस्ट २०२१ रोजीं तालिबानांनीं काबूल काबीज केलें. त्याच वर्षीं माध्यमिक शाळा मुलांस उघडल्या व मुलींस बंद राहिल्या. डिसेंबर २०२२ मध्यें विद्यापीठांचीं दारेंही स्त्रियांस बंद करण्यांत आलीं. ज्या उद्दिष्टाचें नांव घेऊन युरोपांतील मातापित्यांनीं आपल्या पुत्रांस निरोप दिला, त्याचीच अशी वाट लागली. शिकलेल्या मुलीचें ज्ञान कोणताही हुकूम काढून घेऊं शकत नाहीं, हें खरें. परंतु तिच्या धाकट्या बहिणीस शाळेबाहेर ठेवण्यास तो पुरेसा होतो.

मग डेन्मार्कनें हें सर्व कशासाठीं केलें? इराकच्या युद्धांत पडण्याचा ठराव २००३ च्या मार्चमध्यें डॅनिश पार्लमेंटांत ६१ विरुद्ध ५० मतांनीं मंजूर झाला, तेव्हांपासून हा प्रश्न तेथें धुमसत होता. इराकयुद्धाचा निर्णय कसा झाला, आणि इराक व अफगाणिस्तान या दोन्ही ठिकाणीं पकडलेल्या कैद्यांस कसें वागविलें, याची चौकशी करण्यासाठीं २०१२ सालीं कमिशन नेमलें गेलें. परंतु सरकार बदलतांच, २०१५ सालीं, काम पुरें होण्यापूर्वींच तें गुंडाळण्यांत आलें. त्याच्या जागीं विद्वानांकडून ऐतिहासिक अभ्यास करविण्यांत आला, व तो २०१९ सालीं प्रसिद्ध झाला. अमेरिकेशीं असलेला संबंध दृढ राखणें ही या युद्धांत पडण्यामागील एक प्रधान प्रेरणा होती, असाच त्याचा निष्कर्ष आहे. सारांश, रणांगणावर जें रक्त सांडलें तें पुष्कळ अंशीं भावी संकटाच्या विम्याचा हप्ता म्हणून भरलें गेलें.

त्या विम्याची परीक्षाही लवकरच झाली. ७ जानेवारी २०२५ रोजीं अमेरिकेचे निर्वाचित अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांस, ग्रीनलंड मिळविण्यासाठीं आपण लष्करी वा आर्थिक बळ वापरणार नाहीं असें आश्वासन देतां काय, असें विचारलें असतां, त्यांनीं तें देण्याचें नाकारलें. ग्रीनलंड हा डेन्मार्कच्या राज्यांतील स्वायत्त प्रदेश. १९५१ च्या करारान्वयें अमेरिकेचा लष्करी तळ तेथें आधींपासूनच आहे. त्याच वर्षीं मार्चमध्यें उपाध्यक्ष व्हॅन्स यांनीं त्या तळावर जाऊन डेन्मार्कच्या कारभारावर टीका केली. हेल्मंदमध्यें पुत्र गमावलेल्या डॅनिश घरांत हे शब्द कसे ऐकले गेले असतील, याची कल्पना वाचकांनींच करावी.

आम्हां भारतीयांस हा अनुभव अगदींच अपरिचित नाहीं. पहिल्या महायुद्धांत हिंदुस्थानांतून दहा लाखांहून अधिक माणसें समुद्रापार गेलीं. सुमारें ७४,००० परत आलीं नाहींत. मराठा पलटणींचे शिपाई मेसोपोटेमियांत लढले. या साहाय्याचें स्मरण ठेवून साम्राज्य आपणांस स्वराज्य देईल, अशी आशा अनेक पुढाऱ्यांनीं बाळगली. १९१९ सालीं अल्पशा राजकीय सुधारणा आल्या खऱ्या, पण त्याच वर्षीं रौलट कायदा आला आणि जालियनवाला बागेंत गोळ्या झाडल्या गेल्या. दोन्ही गोष्टींत भेद अर्थात् मोठा आहे. हिंदुस्थान परतंत्र होता, त्याच्या लोकांस कोणीं विचारलें नव्हतें. डेन्मार्कनें आपल्या प्रतिनिधींच्या मतानें निर्णय घेतला. पण म्हणूनच डेन्मार्कची जबाबदारी अधिक आहे. ज्यास नाहीं म्हणण्याचा अधिकार होता, त्यानें होकार कां दिला, हें स्वतःच्या लोकांस सांगितलेंच पाहिजे.

कोणी म्हणेल, लहान राष्ट्रानें वचन न पाळल्यास त्याच्या संकटसमयीं कोण धांवून येईल? हा आक्षेप वजनदार आहे, आणि करार मोडावा असें आम्ही कदापि सुचवीत नाहीं. परंतु वचन पाळणें निराळें आणि वचनाहून अधिक देऊन मर्जी विकत घेण्याची आशा करणें निराळें. करार हा कागदावर असतो. मर्जी ही माणसाच्या स्वभावावर असते, आणि तो माणूस दर चार वर्षांनीं बदलूं शकतो. जें रक्त हक्क म्हणून कोठेंही नोंदलें गेलें नाहीं, त्याची वसुली कोणत्या न्यायालयांत करावयाची?

यावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, युद्धाचा ठराव मांडतांना त्याचा खरा हेतु लोकांपुढें ठेवला पाहिजे. मैत्रीसाठीं लढावयाचें असेल तर तसें सांगावें. मुलींच्या शाळांस पुढें करूं नये. दुसरी, जी चौकशी अर्ध्यावर सोडली ती पुरी झाली पाहिजे. मृतांचा सन्मान केवळ स्मारकानें होत नाहीं, तर त्यांस कां पाठविलें याचें प्रामाणिक उत्तर दिल्यानें होतो. तिसरी, ग्रीनलंडविषयीं बोलतांना डेन्मार्कनेंही हें विसरूं नये कीं, त्या बेटाच्या भवितव्याचा निर्णय वॉशिंग्टनचा नव्हे तसा केवळ कोपनहेगनचाही नव्हे. तेथील सुमारें ५७ हजार रहिवाशांचा तो प्रथम अधिकार आहे. स्वतःसाठीं न्याय मागणाऱ्यानें दुसऱ्यासही तो देण्यास तयार असलें पाहिजे.

अफगाणिस्तानांतील मुलींचें ऋण मात्र अद्याप फिटलें नाहीं. सैन्य माघारीं आणतां येतें; दिलेला शब्द तसा आणतां येत नाहीं. ज्यांच्या नांवानें युद्ध झालें, त्यांच्या शिक्षणासाठीं मिळेल त्या मार्गानें व मिळेल त्या भूमीवर साहाय्य चालू ठेवणें, हें डेन्मार्कच काय, पण त्या युद्धांत पडलेल्या प्रत्येक राष्ट्राचें कर्तव्य आहे. रणगाड्यांनीं जें साधलें नाहीं तें पुस्तकांनीं लगेच साधेल असें नव्हे. परंतु पुस्तकांचा हिशेब देतांना कोणास मान खालीं घालावी लागत नाहीं.